तिळगुळाची फ्लॉपी

यंदा आमच्या घरी दिवाळी नाही. माझी पत्नी सुधा फेब्रुवारीत गेली, आणि घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. शेजारच्या काकू फराळाचं ताट आणून देतील, ताट रिकामं परत करू नये म्हणून मी त्यात मूठभर साखर घालीन, एवढीच दिवाळी. अशा घरातून दिवाळी अंकाला लेख पाठवावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. संपादकांनी मागितला होता तो ‘इंटरनेट नवीन होतं तेव्हाच्या गमतीजमती’ असा लेख. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की एकच आठवडा डोळ्यांपुढे येतो, आणि त्या आठवड्यात जागोजागी सुधा आहे. तेव्हा त्याबद्दलच लिहितो. मी मुळातच सावकाश लिहिणारा. सध्या जरा जास्तच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत संगणक विकणाऱ्या एका दुकानात मी नोकरीला होतो. दुकानाची दुसरी शाखा साताऱ्याला होती, तिथे आठवड्यातून एकदा एस्टीनं जायचो. गिऱ्हाइकाला इंटरनेटची जोडणी करून देणं आणि दिलेली जोडणी चालेनाशी झाली की जाऊन बघणं, हे माझं काम.

आजच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं, की तेव्हा इंटरनेट आपल्या घरी नसायचं. ते पुण्यात असायचं. आपण घरच्या फोनवरून पुण्याला फोन लावायचा, पलीकडच्या यंत्रानं तो उचलायचा, आणि मग दोन यंत्रं एकमेकांशी बोलू लागायची. आपल्या बाजूनं बोलणारी ती मोडेम नावाची पुस्तकाएवढी डबी. संगणकातल्या मजकुराचा आवाज करायचा आणि आलेल्या आवाजाचा मजकूर करायचा, एवढंच तिचं काम. सुरुवातीला ती शिटी मारी, मग खरखरे, मग दोन सुरांत भांडल्यासारखं करून एकदम गप्प होई. गप्प झाली की समजायचं, जमलं. हे सगळं चालायचं कशातून, तर फोनच्या त्याच दोन तारांतून, ज्या गल्लीतल्या शेवग्याला घासत खांबावरून घरात आलेल्या असत. माणसाच्या बोलण्यात थोडी खरखर आली तर आपण ‘काय म्हणालात?’ असं विचारून घेतो. यंत्रंही तेच विचारतात, पुन्हा पुन्हा विचारतात, आणि त्यालाच गिऱ्हाईक ‘नेट स्लो झालंय’ म्हणतं.

तक्रार आली की मी घरात पाऊल टाकताच विचारायचो, ‘एकाच लायनीवर फोन किती जोडलेत?’ हळदीच्या एका व्यापाऱ्यांकडे पाच निघाले. दुकानात, गोदामात, माडीवर, स्वयंपाकघरात आणि पाचवा देवघरात.

“देवघरातला तेवढा काढूया,” मी म्हणालो.

“आवं, त्यो कसा काढू? आई तिथनं मामाशी बोलती. तिला गुडघ्यामुळं उठवत न्हाई.”

तेवढ्यात आतून आजींचा आवाज आला, “बाळ्या, ह्यात कोन किंचाळतंय रं? देवाच्या खोलीत ही असली भुतं कशाला आणतोस?”

आजींनी मामाला फोन लावायला रिसीव्हर उचलला होता आणि त्यांच्या कानात मोडेम ओरडला होता. त्या रिसीव्हर उचलत तेव्हा इंटरनेट तुटे, आणि त्या दिवसातून दहादा उचलत. मी देवघराला वेगळं बटण बसवून दिलं. आजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि भूत उतरवणारा माणूस म्हणून माझं नाव गल्लीत केलं.

मेढ्याला एका दवाखान्यात तारांच्या जोडाच्या पेटीत लाल मुंग्यांनी घर केलं होतं. वाईला, सुधाच्या माहेरगावी, एका वकिलांनी भिंत रंगवताना तारेवरही रंग दिला होता. असे दोष मी बहुतेक वेळा कानानं ओळखायचो. मोडेमचं भांडण ऐकलं की जोड ओला आहे, की तार कुठे घासली आहे, की घरात जादा फोन आहे, हे मला खुर्चीवर बसायच्या आत कळे. या कानाचा मला फार अभिमान होता. पुढची गोष्ट त्या अभिमानाचीही आहे.

नव्याण्णवची संक्रांत. त्या दिवसांत सणाच्या शुभेच्छा इंटरनेटवरून पाठवायची नवी हौस आली होती. पुण्याच्या एका मित्रानं मला पत्राबरोबर एक छोटी फाइल पाठवली. ती उघडली की पडदा काळा व्हायचा आणि त्यावर रंगीत फटाके फुटायचे. भुईनळे, बाण, सगळं. आज शाळेतलं पोर त्याला हसेल, पण तेव्हा आम्ही दोघं नवराबायको स्वयंपाक तसाच टाकून ते पाहत बसलो. सुधा वाचनालयात ग्रंथपाल होती, तिला अशा गोष्टींचं मोठं अप्रूप. मी ती फाइल एका फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि सुधानं तिच्या गोल अक्षरात चिकटपट्टीवर लिहिलं, ‘तिळगूळ’.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण भेटेल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवतो, आणि ज्याच्या हातावर ठेवला तोही आपल्या हातावर ठेवतो. रिकामा हात न्यायचा नाही आणि रिकामा परतू द्यायचा नाही. मी तेच केलं. ज्या घरी दुरुस्तीला जाईन तिथे काम झालं की खिशातून फ्लॉपी काढायचो आणि फटाके दाखवायचो. लोक टाळ्या पिटत. ‘हे आमच्यात ठेवून जा की,’ म्हणत. मी ठेवून येई. ते पुढे आपल्या पुतण्याला, भाच्याला, मुंबईच्या व्याह्यांना पाठवत.

संक्रांतीच्याच दिवशी मी डॉ. साठ्यांच्या इस्पितळात गेलो होतो. साठे सांगलीतले हाडांचे डॉक्टर. वीसेक खाटांचं इस्पितळ, आणि तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत संगणक. त्यांच्याकडे तेव्हा रुपाली मोरे नावाची मुलगी दाखल होती. पाटणच्या वरच्या अंगाच्या गावची, दहावीतली. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत धावणारी. तिच्या उजव्या गुडघ्याच्या वर गाठ आली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून हा हाडाचा कर्करोग दिसतो, पाय मांडीतून काढावा लागेल, असं सांगितलं होतं आणि त्यासाठी पुढच्या सोमवारनंतरचा सोमवार दिला होता. साठ्यांच्या मनात मात्र शंका होती. त्यांचे एक गुरू इंग्लंडमधल्या इस्पितळात होते, हाडांच्या गाठींतले जाणकार. त्यांनी एकदा बघावं, असं साठ्यांना वाटत होतं.

एक्स-रे पाठवायचा कसा? आम्ही फिल्म उजेडाच्या काचेवर लावली, शेजारच्या फोटोवाल्यानं तिचे फोटो काढले, गाठीतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्यांचेही सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून घेतले. असे सहा फोटो झाले. ते स्कॅनरवर घालून संगणकात घ्यायचे आणि पत्राबरोबर पाठवायचे, असं ठरलं. त्यासाठीच मला बोलावलं होतं.

मी काम करत होतो तेव्हा रुपालीला चाकाच्या खुर्चीतून ड्रेसिंगसाठी आणलं होतं. ती दाराशी बसली होती. शेजारी तिचे वडील, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार मोरे. मुलगी कुणाशी बोलत नव्हती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी खिशातली फ्लॉपी काढली आणि म्हणालो, “रुपाली, इकडे बघ. तिळगूळ घे.”

पडद्यावर फटाके फुटले. ती हसली. “पप्पा, बगा की, आवाज न्हाई पन,” म्हणाली. सुभेदारांनी मान वळवून डोळे पुसले. डॉक्टर म्हणाले, “जोशी, हे राहू द्या यात. तिला रोज दाखवू.”

मी राहू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या संगणकावरून पत्र जाईना. पुण्याला फोन लागे, पत्र निघे, आणि फोटोचा चौथा हिस्साही जायच्या आत सगळं कासवासारखं होऊन तुटे. मी रोज जात होतो. मोडेम लावून ऐकत होतो. मला वाटलं, जोड ओला आहे. घरातली तार बदलली. लाइनमनला विनंती करून खांबावर चढवलं, त्यानं बिचाऱ्यानं जोड पुन्हा केला आणि ‘साहेब, लाइन चोख आहे’ असं सांगितलं. मी मनात म्हटलं, याला काय कळतंय, माझे कान सांगताहेत. असे सहा दिवस गेले. त्याच दिवसांत इतर घरांतूनही ‘नेट स्लो’ म्हणून तक्रारी येत होत्या, रोज दोन-तीन. मी प्रत्येक घरी गेलो आणि प्रत्येक घरी तारच तपासली. निघताना फटाके दाखवले.

गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. इंग्लंडच्या त्या इस्पितळातल्या संगणक विभागानं पत्र पाठवलं होतं. तुमच्या पत्त्यावरून गेला आठवडाभर आमच्याकडे रोगट फाइलीचा मारा होतो आहे, इथल्या डॉक्टरांची पत्रपेटी त्यानं भरून गेली आहे, त्यामुळे यापुढे तुमच्या पत्त्यावरून आलेलं काहीही घेतलं जाणार नाही. खाली त्या फाइलीचं नाव होतं.

मी मोडेमकडे पाहिलं. डबीवर दोन बारीक दिवे असतात, एक मजकूर जाताना लुकलुकतो आणि एक येताना. त्या क्षणी कुणीही काही पाठवत नव्हतं, आणि जाण्याचा दिवा अखंड लुकलुकत होता. फटाके दाखवून झाले तरी ती फाइल संगणकात गुपचूप बसून राहिली होती. फोन लागला रे लागला, की संगणकात जेवढे पत्ते असतील तेवढ्यांना ती स्वतःच्या नकला पाठवत सुटे. डॉक्टरांच्या फोटोंना वाट उरतच नव्हती. तो दिवा सहा दिवस माझ्या नाकासमोर होता. मी ऐकत होतो, पाहिलं नव्हतं.

“काय आहे हे?” डॉक्टरांनी विचारलं.

“बघून सांगतो,” असं म्हणून मी निघालो. खरं बोलायचं धैर्य झालं नाही.

संध्याकाळी सुधा वाचनालयातून आली तेव्हा मी तसाच बसून होतो. तिला सगळं सांगितलं. मग म्हणालो, “एकेका घरी पुढच्या वेळी जाईन तेव्हा गुपचूप पुसून टाकीन. कुणाला कळणारही नाही.”

“आणि तोवर?”

मी खिशातली फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली.

“अहो, वाटताना घरोघर मिरवत गेलात ना? मग सांगायलाही घरोघर जायला हवं.” ती हे रागानं म्हणाली नाही. पुस्तक उशिरा परत करणाऱ्या वाचकाशी बोलावं, तसं म्हणाली. “त्या मुलीचं आधी बघा. ते पत्र दुसऱ्या कुणाच्या संगणकावरून नाही जायचं?”

जायला हवं होतं. पण स्कॅनर आणि इंटरनेट दोन्ही असलेले संगणक मला सगळे मिळून चार-पाच ठाऊक होते, आणि ते सगळे माझ्याच गिऱ्हाइकांचे. दुकानातल्या संगणकावरही फटाके फुटून झाले होते. डॉक्टरांचा संगणक पुसून नव्यानं भरावा, तर माझ्या पिशवीतल्या कुठल्याच फ्लॉपीवर माझा विश्वास उरला नव्हता. शिवाय त्यांच्या पत्त्याला तिकडे दार बंद झालेलं. इंग्लंडचे डॉक्टर शनिवारी तीन आठवड्यांसाठी परगावी जाणार होते. कुरियर तोवर पोचणार नव्हतं. आणि सोमवारी मुंबईत पाय जाणार होता.

सुधानं माझी कामाची वही मागितली. त्यात संक्रांतीपासूनची प्रत्येक भेट लिहिलेली होती. ती एकेक नाव वाची आणि विचारी, “इथे दाखवलंत?” मी ‘हो’ म्हणे, ती समोर फुली मारी. बावीस फुल्या झाल्या. तेविसावं नाव मंगळवारचं, साताऱ्याचं. लिमये बाई.

“इथे?”

“नाही.”

“का नाही?”

“त्यांच्याकडे वर्ष आहे.”

लिमये सर दसऱ्याच्या सुमारास गेले होते. इतिहासाचे प्राध्यापक, मोडी कागद स्कॅन करून परदेशातल्या मित्राला पाठवत, त्यासाठी हौसेनं सगळं घेतलेलं. बाईंनी मला बोलावलं होतं ते ‘आता हे मला कशाला, जोडणी बंद करून टाका’ असं सांगायला. खिशात फ्लॉपी असूनही मी ती बाहेर काढली नव्हती. ज्या घरात वर्ष आहे तिथे तिळगूळ द्यायचा नाही, घ्यायचा नाही. जोडणी बंद करायचा त्यांचा सही केलेला अर्ज माझ्या पिशवीतच होता, पुण्याला पाठवायचा राहून गेला होता.

सुधानं वही मिटली. “चला, डॉक्टरांकडे. मी येते.”

इस्पितळात डॉक्टर रुपालीच्या खाटेशी होते, उशाशी तिची आई बसली होती. मला त्यांना बाजूला घेऊन सांगायचं होतं. पण सुभेदारही मागोमाग व्हरांड्यात आले. दोघांसमोरच सांगावं लागलं. सांगून झाल्यावर डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“जोशी, तुमच्यावर रागवायला मला सोमवारनंतर पुष्कळ वेळ आहे,” ते म्हणाले. “आत्ता उपाय सांगा.”

मी साताऱ्याचं सांगितलं. मग मी सुभेदारांकडे वळलो.

“मुद्दाम केलं का तुमी?” त्यांनी विचारलं.

“नाही हो.”

“मग झालं तर. माझी पोर आठ दिसांत एकदाच हासली, ती तुमच्या त्या फटाक्यांवर. पैली गाडी कितीला हाय साताऱ्याला?”

डॉक्टरांनी गुरूंना फोन करून लिमये नावानं पत्र येईल असं कळवलं. शुक्रवारी पहाटेच्या एस्टीनं मी आणि सुभेदार निघालो. फ्लॉपी एकही घेतली नाही, सहा फोटोच घेतले. सुभेदारांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवले आणि कऱ्हाडला गाडी थांबली तरी चहाला उतरले नाहीत.

इकडे सुधानं रजा टाकली आणि वही घेऊन फोनपाशी बसली. बावीस घरं. ‘नमस्कार, मी जोशींची पत्नी बोलते. ह्यांनी दाखवलेले फटाके रोगट निघाले. चूक ह्यांची आहे. ते येऊन साफ करीपर्यंत संगणक लावू नका.’ हेच वाक्य बावीस वेळा. कुणी चिडले, एकानं फोन आपटला, एकानं दुकानाच्या मालकांकडे तक्रार केली. हळदवाल्यांकडे फोन देवघरातल्या आजींनी उचलला.

“रोग हाय व्हय? मग हळद लावून बगू का?”

“आज्जी, हळद नको. नुसतं बटण बंद ठेवा,” सुधा म्हणाली.

हे तिनं मला नंतर कितीदा तरी सांगितलं, आणि दर वेळी स्वतःच आधी हसली.

साताऱ्याला लिमये बाईंनी दार उघडलं. साठीच्या, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना वाटलं, मी जोडणी बंद करायला आलो. मी घडलेलं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि सुभेदार उंबऱ्याबाहेर पायतण काढून उभे होते.

“आमच्याकडे वर्ष आहे हे तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्ही मंगळवारी ते दाखवलं नाहीत?” त्यांनी विचारलं.

“हो, बाई.”

“म्हणजे यंदा आमच्या घरी संक्रांत झाली नाही, म्हणून...” त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. सरांच्या खोलीत जाऊन त्यांनी संगणकावरची चादर काढली, घडी केली आणि सुभेदारांना म्हणाल्या, “बाहेर का उभे? आत या. मुलीचं नाव काय?”

फोटो स्कॅन झाले. पुण्याला फोन लागला. पहिलं पत्र निघालं आणि तिसऱ्या मिनिटाला तुटलं. दुसऱ्यांदा तसंच. इथे रोग नव्हता, इथे खरोखरच लाइन जुनी होती. बैठकीतला जादा फोन काढला, दारातल्या तारांच्या पेटीचे स्क्रू घासून घट्ट केले, मोडेम उचलून थेट पेटीशी नेऊन जोडला. तिसऱ्यांदा चार मिनिटं टिकलं.

सुभेदार मागे उभे राहून बघत होते. सैन्यात ते ट्रक चालवायचे. “साहेब, म्या यातलं काय जानत न्हाई,” ते म्हणाले, “पन घाट चढाचा हाय आन् तुमी वरच्या गेरमधी रेटताय, असं वाटतंय. खालच्या गेरमधी घाला की गडी.”

ही युक्ती मला माहीत होती. मोडेमला ‘वेगानं बोलायला जाऊ नको’ असं बांधून ठेवता येतं. पण गिऱ्हाइकाला कमी वेगाची जोडणी दिली की ते नाराज होतं, म्हणून कित्येक महिन्यांत मी ती वापरलीच नव्हती. मी वेग निम्म्याहून खाली आणला. मोडेमचं भांडण या वेळी लवकर मिटलं. पत्र निघालं. सावकाश, फार सावकाश, पण निघालं. जाण्याचा दिवा लुकलुकत होता आणि या वेळी तो आम्हाला हवं तेच पाठवत होता. एका फोटोला दहा-बारा मिनिटं. बाईंनी पोहे आणून ठेवले, ते तसेच गार झाले. सहावा फोटो गेला तेव्हा सव्वा वाजला होता. सुभेदारांनी पोह्यांची बशी उचलली आणि उभ्याउभ्याच संपवली.

मग वाट बघणं. तिकडे तेव्हा सकाळ व्हायची होती. अडीचनंतर मी दर अर्ध्या तासानं फोन लावून पत्रपेटी बघत होतो.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट ताणली असं व्हायला नको. काचपट्ट्या नंतर कुरियरनं इंग्लंडला गेल्या आणि पत्रातलं मत कायम झालं. शस्त्रक्रिया साठ्यांनीच सांगलीत केली. रुपालीचा गुडघा थोडा ताठ राहिला. ती पुन्हा स्पर्धेत धावली नाही. तिचे सहा दिवस मी वाया घालवले, याचं मला वाईट वाटतं. पुढचे पंधरा दिवस मी आणि सुधा मोपेडवरून बावीस घरं फिरलो. पुण्याहून मागवलेल्या औषधाच्या फ्लॉपीनं मी संगणक साफ करी आणि ती तोवर घरच्यांशी बोलत बसे. दोन गिऱ्हाइकं सुटली, बाकीची राहिली. डॉक्टर साठे माझ्यावर रागवायचे ते राहूनच गेले.

तर त्या शुक्रवारी, चार वाजून गेल्यावर, उत्तर आलं. इंग्रजीत, आठ-दहा ओळींचं. मी खुर्ची बाईंना दिली. त्यांनी आधी एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं मराठीत सांगितलं. सहाही चित्रं स्पष्ट मिळाली. माझ्या मते हा कर्करोग नाही. हाडात रक्तानं भरलेली पोकळी झाली आहे. ती खरवडून तिथे हाडाचे तुकडे भरता येतात. काचपट्ट्या पाठवा, मी नसलो तरी माझे सहकारी पाहतील. तोवर सोमवारी पाय मुळीच कापू नये.

“म्हंजी?” सुभेदारांनी विचारलं.

“म्हणजे पाय राहील, सुभेदार,” बाई म्हणाल्या.

मी सांगलीला फोन करायला म्हणून इंटरनेट तोडायला गेलो, तर सुभेदार ओरडले, “तोडू नगा! पुसलं जाईल त्ये!” मग आधी प्रिंटरवर कागद काढला. तो घडी करून त्यांनी फोटोंच्या जागी सदऱ्यात ठेवला, तेव्हा कुठे मला फोन मोकळा करू दिला.

माझं बोलून झाल्यावर डॉक्टरांनी फोन रुपालीच्या खाटेपाशी न्यायला लावला. सुभेदार फोनमध्ये इतक्या मोठ्यानं बोलत होते, की फोनची गरजच वाटू नये.

“रुपे, पाय ऱ्हातोय गं तुजा!”

पलीकडून बारीक आवाज, आम्हालाही ऐकू आला, “कुनी सांगितलं?”

“इलायतेच्या डाक्टरनं. लिवून दिलंय. कागद हाय माज्यापाशी.”

“वाचून दावा.”

“इंग्रजी हाय ते.”

“मग ज्येंला येतंय त्येंच्याकडं द्या.”

लिमये बाईंनी रिसीव्हर घेतला. कागद मागून घेतला आणि वर्गात शुद्धलेखन घालावं तसं एकेक वाक्य आधी इंग्रजीत, मग मराठीत वाचलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग विचारलं, “कळलं का, बाळ? काही विचारायचं आहे?”

रुपाली काहीतरी बोलली. बाईंनी डोळे मिटून घेतले, आणि रिसीव्हर सुभेदारांपुढे धरला.

“ती म्हणते आहे, तिच्या आईनं मुंबईची पिशवी भरताना तिचा उजवा बूट बाहेर काढून ठेवलाय. तो आत ठेवायला सांगा म्हणते.”

सुभेदारांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी घेतला.

“आईला दे गं फोन,” ते म्हणाले.